पाळक टिळक आणि त्यांचे घर

सुट्टीत गावी जाण्यासाठी आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे हावडा–नागपूर मार्गाचीच गाडी धरतात. बिलासपूर मागे पडते, रायपूर आणि दुर्ग येऊन जातात, आणि डोंगरगडच्या आधी राजनांदगाव लागते. मुले तोवर झोपलेली असतात. मोठी माणसे गोंदिया केव्हा येईल या हिशेबात असतात, कारण गोंदियापासून फलाटावरचे बोलणे आपले वाटू लागते. राजनांदगावकडे कुणाचे लक्ष जात नाही. आमचेही कित्येक वर्षे गेले नव्हते. परंतु नागपूर ते राजनांदगाव एवढ्या टापूत, धावत्या गाडीच्या एका डब्यात, १८९३ साली एका मराठी कवीच्या हाती एक लहानसे पुस्तक पडले आणि त्याच्या संसाराची, कवितेची व श्रद्धेची दिशा पालटली. स्मरणिकेच्या संपादकांनी आम्हांस काही इतिहासपर लिहिण्याची आज्ञा केली, तेव्हा आपल्या नित्याच्या वाटेवरचा हा प्रसंग प्रथम आठवला. घरापासून दूर राहणाऱ्या माणसांना तो अधिक समजेल, असेही वाटले.

हे कवी म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. टिळक म्हटले की आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे लोकमान्यच उभे राहतात, आणि त्यात मुलांचा दोष नाही. हे दुसरे टिळकही कोकणातलेच, चित्पावनच, आणि लोकमान्यांचे जवळजवळ समवयस्क. जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. वडील कडक स्वभावाचे, आई कवितेची आवड असलेली. आईच्या मृत्यूनंतर मुलाने लहान वयातच घर सोडले आणि नाशिकची वाट धरली. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृताचे अध्ययन झाले. पुढे लग्न झाले, नोकऱ्या झाल्या आणि सुटल्या. नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम केले. एका ठिकाणी स्वस्थ बसणे या गृहस्थांना कधी जमले नाही. मनात एक शोध होता. जातिभेदाने पोखरलेल्या या देशाला एकत्र धरून ठेवील असा धर्म कोणता, या प्रश्नाने त्यांना पछाडले होते. त्यासाठी त्यांनी स्वतःच्या मनाशी एक धर्ममतही रचून ठेवले होते.

बंगाल–नागपूर रेल्वेचा नागपूर–आसनसोल मार्ग १८९१ साली खुला झाला होता. त्या नव्या मार्गावरून टिळक राजनांदगावच्या संस्थानात नोकरीसाठी निघाले. डब्यात एक युरोपीय गृहस्थ होते. त्या काळी गोऱ्या उतारूने नेटिव्ह उतारूस जागा द्यावी हीच नवलाची गोष्ट. हे गृहस्थ तर अदबीने बोलू लागले. बोलणे काव्यावरून निघाले आणि धर्मावर येऊन थांबले. उतरण्यापूर्वी त्यांनी टिळकांच्या हाती नव्या कराराची प्रत ठेवली, ती वाचण्याचे वचन घेतले आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत करून ते निघून गेले. त्यांचे नाव टिळकांना शेवटपर्यंत कळले नाही.

वचन दिले होते म्हणून टिळक वाचू लागले. पंडिताची सवय, हाती पेन्सिल. आक्षेपार्ह वाटेल तेथे खूण करायची. आरंभी पुस्तक रुचले नाही. पण मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरचे प्रवचन लागले, आणि तेथून त्यांना उठवेना. आम्हांस या प्रसंगाचे फार कुतूहल वाटत आले आहे. काव्यशास्त्र कोळून प्यालेल्या आणि ज्ञानेश्वर-तुकारामांवर वाढलेल्या माणसाला त्या तीन अध्यायांत नवे असे काय भेटले? एकदा सबंध प्रवचन मन लावून वाचले तेव्हा थोडा उलगडा झाला. त्यात तत्त्वज्ञानाची परिभाषा जवळजवळ नाहीच. तेथे मीठ आहे, दिवा आणि दिवठणी आहे, रानातली फुले आहेत, पेरणी-कापणीची चिंता न करणारी पाखरे आहेत, रोजची भाकर आहे आणि वाळूवर बांधलेले घर आहे. ही सारी सामग्री तुकोबांच्या दुकानातली! पुढे टिळकांनी सांगितले की आपण ख्रिस्तापाशी पोचलो ते तुकारामांच्या पुलावरून. त्या पुलाचे पहिले पाऊल या आगगाडीत पडले असावे, असा आमचा तर्क आहे.

याच लोहमार्गाच्या आपल्याकडच्या टोकाला आणखी एक जुनी गोष्ट आहे. हुगळीच्या काठचे श्रीरामपूर, म्हणजे सेरामपूर (नगर जिल्ह्यातले नव्हे, आमच्या एका आप्तांनी पत्ता लिहिताना दोहोंची गल्लत केली आणि पार्सल महिनाभर हिंडले), हे तेव्हा डेन लोकांच्या ताब्यात होते. तेथे विल्यम केरी या धर्मोपदेशकाने १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले, त्याच वर्षी मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत काढले, १८१० साली कोश आणि १८११ साली सबंध नवा करार. मराठी छपाईचा हा आरंभीचा संसार मुंबई-पुण्यात नव्हे, बंगालच्या दमट हवेत मांडला गेला. केरीला मराठी शिकविणारे पंडित वैद्यनाथ विदर्भाकडचे होते. फोर्ट विल्यम कॉलेजात ते नोकरीस होते. आपल्यासारखेच पोटासाठी पूर्वेकडे आलेले हे मराठी गृहस्थ! त्यांच्या घरी कोण होते आणि सणावाराला काय शिजत होते, हे कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. परंतु कलकत्त्यात बसून मराठी शब्दाचे लिंग साहेबाला समजावून देताना या माणसाला गावाची आठवण झाली नसेल, असे आम्हांला तरी म्हणवत नाही.

तथापि ग्रंथाचे भाषांतर होणे निराळे आणि त्याचे घर होणे निराळे. या बाबतीत केरीच्याही पूर्वी दोनशे वर्षे एका इंग्रज जेझुइटाची समज अधिक खोल होती. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. साष्टीतील नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्यांच्या जागी वाचायला काहीच नव्हते. ही उणीव ओळखून स्टीफन्सनी ओवीबद्ध मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचले. ओव्या अकरा हजारांच्या आसपास. ते १६१६ साली राचोल येथे रोमी लिपीत छापले गेले. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेवरच बंदीचे फर्मान काढले. मूळ छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मग हा ग्रंथ टिकला कसा? गोवा सोडून दक्षिणेस कानडी मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते जपली आणि उपवासाच्या दिवसांत घरोघरी त्यांचे वाचन चालू ठेवले म्हणून. १९०७ सालची आवृत्ती निघाली ती मंगळूरला. गावापासून दूर गेलेल्या माणसांनी जपून ठेवले म्हणून गावाला ते परत मिळाले.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण येथे सांगण्याचा मोह आवरत नाही. त्यांचा जन्म १८५८ साली कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला, बालपण सबंध हिंदुस्थानभर तीर्थे हिंडण्यात गेले, आणि लग्न एका बंगाली वकिलाशी झाले. आसामात सिल्चर येथे राहत असता पतीच्या पुस्तकांत त्यांना लूकचे शुभवर्तमान सापडले. ते बंगाली होते. पुढे याच बाईंनी हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांवरून बायबलाचे सोपे मराठी भाषांतर केले आणि केडगावच्या मुक्तिसदनातील स्त्रियांनी ते खिळे जुळवून छापले. रमाबाई १९२२ साली वारल्या आणि ग्रंथ १९२४ साली पूर्ण बाहेर पडला. अशिक्षित बाईलाही कळावे हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्याविषयी स्वतंत्र लेखच हवा. येथे टिळकांकडे परतले पाहिजे.

टिळकांचा मुंबईतील ख्रिस्ती मंडळींशी प्रथम पत्रव्यवहार सुरू झाला. ‘ज्ञानोदय’ या १८४२ साली निघालेल्या पत्राचे त्या वेळचे संपादक डॉ. जस्टिन ॲबट यांच्याशी त्यांचा स्नेह जमला. हेच ॲबट पुढे अमेरिकेस परत गेल्यावर आपल्या संतकवींची इंग्रजी भाषांतरे करीत बसले. देणेघेणे एकतर्फी नव्हते, हे ध्यानी ठेवण्यासारखे आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो आपल्याच देशातील पाळकाच्या हातून व्हावा असा त्यांचा हट्ट होता आणि तो पुरविण्यात आला. घरी मात्र त्यांनी पत्नीला आधी काही सांगितले नव्हते. आम्ही टिळकांचे चाहते आहोत, तरीही या एका गोष्टीत त्यांची बाजू घेणे आम्हांस कधी जमलेले नाही.

पत्नी लक्ष्मीबाई. माहेरच्या गोखले, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. १८५७ च्या धामधुमीनंतर एका आप्ताला फाशी झाली, आणि त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात येऊ नये, इतके. अकरा-बारा वर्षांच्या वयात लग्न झाले. शाळा नाही, अक्षरओळख करून दिली ती नवऱ्याने. आणि ज्याच्या मागे नाशिक, नागपूर, राजनांदगाव अशी फरफट सोसली, तो नवरा एके दिवशी ख्रिस्ती झाल्याचे दुसऱ्यांच्या तोंडून कळले. पदरी दत्तू हा चार वर्षांचा मुलगा. माहेरच्या माणसांनी त्यांना जवळ केले. पंढरपुरास नातलगांच्या आश्रयाने दिवस काढले. सुमारे साडेचार-पाच वर्षे हा संसार दुभंगलेला राहिला. ज्या पंढरीच्या वाटेने टिळक ख्रिस्तापाशी गेले म्हणून सांगत, त्याच पंढरीत त्यांची बायको त्यांच्या नावाने रडत बसली होती!

पुढे त्या नवऱ्याकडे आल्या, पण धर्मांतर करून नव्हे. नगरास त्यांची चूल निराळी, पाणी निराळे, सोवळेओवळे पूर्वीचेच. टिळकांच्या श्रेयाची गोष्ट ही, की एरवी शीघ्रकोपी असलेल्या या माणसाने या बाबतीत सक्ती केली नाही. एका छपराखाली दोन चुली धुमसत राहिल्या आणि दोघांनी वाट पाहिली. नंतर मुक्काम राहुरीस पडला. तेथे या बाईंच्या मनात विचार सुरू झाला, तो ना त्रैक्याचा, ना पापक्षमेचा. तो पाण्याचा होता. अमक्याच्या हातचे पाणी चालते आणि तमक्याच्या हातचे चालत नाही, हे कुणी ठरविले? देवाने माणूस निर्माण केला. जात निर्माण केली ती माणसांनी. या निष्कर्षाला त्या स्वतःच्या बुद्धीने पोचल्या आणि मग कुणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत या क्रमाला काय म्हणतात आम्हांस ठाऊक नाही. ज्या मुलीच्या बापाने जन्मभर वस्तू धुतल्या, तिने एक भांडेभर पाणी दुसऱ्याच्या हातून घेतले, यात किती अंतर चालून जावे लागले असेल, ते मात्र आपल्या आज्यांना विचारले असते तर कळले असते.

‘पाळक’ हा शब्द या ठिकाणी मनात घोळू लागतो. मराठी ख्रिस्ती समाजात धर्मगुरूला पाळक म्हणतात. मेंढपाळाची कल्पना त्यामागे आहे. परंतु आपल्या भाषेत पाळणे या क्रियापदाचा संसार फार मोठा आहे. आपण गाय पाळतो, शब्द पाळतो, सुतक पाळतो, सोवळे पाळतो. लेकरू ज्यात वाढते तो पाळणाही त्याच धातूचा. लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी पाळले आणि टिळकांनीही पाळले, पण काय पाळले यात सगळा फरक. टिळकांना १९०४ साली पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्याआधीच नगरच्या धर्मशिक्षणाच्या विद्यालयात ते शिकवीत होते. त्यांचे घर मात्र सदैव भरलेले असे. दुष्काळात पोरकी झालेली मुले त्या घरात वाढली. बालकवी ठोंबरे त्या घरात पुत्राप्रमाणे राहिले. ते ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्या घराने त्यांचे प्रेम कमीही केले नाही. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. दाराशी आलेल्याला देऊन मोकळे होत. वर्तमानपत्रात ज्याला औदार्य म्हणतात, त्याला घरात काय म्हणतात ते लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवले आहे. उद्याची चिंता करू नये, हे डोंगरावरच्या प्रवचनातले शिक्षण टिळकांनी जसेच्या तसे उचलले. उद्याच्या पिठाची चिंता मग दुसऱ्या कुणालातरी करावी लागे. प्लेगच्या साथीत नगरच्या छावणीत रोग्यांची शुश्रूषा करायला लक्ष्मीबाई गेल्या, तेव्हा त्यांनी किती पाळकपण केले याची नोंद कोणत्याही चर्चच्या वहीत नसेल.

पाळक म्हणून टिळकांनी जे चिंतन केले त्याचा गाभा आमच्या मते एवढाच, की देव परक्या भाषेत बोलत असेल तर तो घरी राहायला आलेला नाही, पाहुणा आहे. त्या वेळच्या मराठी उपासनेत इंग्रजी चालींवर बसविलेली भाषांतरित गीते पुष्कळ होती. नगरचे कृष्णराव सांगळे यांनी भजन-कीर्तनाची देशी वाट आधीच काढली होती. टिळकांनी त्या वाटेचा हमरस्ता केला. टाळ, वीणा, पूर्वरंग, उत्तररंग, सारे काही होते. ख्रिस्ताच्या कथेवर कीर्तन उभे राहिले आणि ते ऐकायला ख्रिस्तीच काय, शेजारच्या आळीतले वारकरीही बसत. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त हा माउली आहे. वारकऱ्याने विठ्ठलाला आई म्हणावे तसे त्यांनी ख्रिस्ताला आई म्हटले. पाश्चात्त्य ख्रिस्ती मनाला ही हाक अनोळखीच होती. १९१२ पासून मृत्यूपर्यंत त्यांनी ‘ज्ञानोदया’चा मराठी विभाग सांभाळला. मिशनच्या गोऱ्या मंडळींशी त्यांचे खटके उडत. स्वाभिमान गहाण टाकलेला ख्रिस्ती हिंदुस्थानच्या कामाचा नाही, हे ते स्पष्ट बोलत. दुसरीकडे जुन्या मित्रांपैकी कित्येकांच्या लेखी ते गेलेलेच होते. दोन्ही घरांत ज्याच्याकडे संशयाने पाहतात, अशा माणसाची ही गाणी आहेत, हे लक्षात ठेवून ती ऐकली म्हणजे त्यांतला गोडवा निराळा लागतो.

या गाण्यांपैकी एकाशी आपल्या मंडळाचा संबंध आहे, आणि तो सुवर्णमहोत्सवी वर्षी सांगितला पाहिजे. मंडळाच्या आरंभीच्या वर्षांतली एक कोजागरी. जागा कुणाच्या तरी गच्चीवरची, माणसे पंचवीस-तीस, आटीव दूध चुलीवर. नगर जिल्ह्याकडचे एक कुटुंब बदलीवर नव्यानेच येथे आले होते. त्यांतील बाईंना गाण्याचा आग्रह झाला. त्यांनी एक अभंग म्हटला. आवाज मोकळा, ताल पक्का. आम्ही सर्वांनी धरताल दिला. शेवटी ‘दास’ अशी नाममुद्रा आली. कुणीतरी जाणकारीने म्हणाले, “वा, समर्थांचा दिसतो.” बाई हसून म्हणाल्या, “नाही हो काका, टिळकांचा. रेव्हरंड टिळकांचा. आमच्याकडे रविवारी म्हणतात.”

कुणी काही वावगे बोलले नाही. क्षणभर सगळे गप्प झाले, मग कुणीतरी दुधाची आठवण केली. पुढच्या सभेत एका ज्येष्ठांनी सुचविले की मंडळाच्या कार्यक्रमात धर्माचा विषय नसावा. सूचना सर्वांना पटली. ज्या मंडळाची वर्गणी गणपतीच्या पावतीपुस्तकावर गोळा होत होती, त्या मंडळाने ही सूचना मान केल्याचे त्या वेळी आमच्यापैकी कुणालाच खटकले नाही. पुढल्या कोजागरीला त्या बाई आल्या, दुधाचे पेले त्यांनीच भरले, पण गायल्या नाहीत. आम्हीही आग्रह केला नाही. वर्षा-दोन वर्षांत त्या कुटुंबाची बदली झाली. मंडळाच्या इतिवृत्तात या प्रसंगाची नोंद नाही. आम्ही ते वाढदिवसाच्या निमित्ताने पुन्हा चाळून पाहिले.

त्या गेल्यानंतर पुष्कळ वर्षांनी मंडळाच्या कपाटातले ‘स्मृतिचित्रे’ आम्ही घरी नेले. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत निघालेले लक्ष्मीबाईंचे हे आत्मचरित्र मराठीतील श्रेष्ठ गद्यग्रंथांत गणले जाते, हे शाळेत ऐकले होते. पण घरापासून हजार मैलांवर, रात्रीची कामे आटोपल्यावर वाचताना ते निराळेच वाटले. रागावलेली, हसणारी, नवऱ्याची थट्टा करणारी, कुणाचीही भीड न बाळगणारी ती भाषा स्वयंपाकघरातून सरळ छापखान्यात गेली आहे. टिळक विद्वान होते. पण त्यांची श्रद्धा रोजच्या जिण्यात कशी उतरली, कुठे उतरली नाही, हे या अल्पशिक्षित बाईंनीच सांगितले. टिळकांच्या पश्चात लक्ष्मीबाई काही काळ कराचीत राहिल्या. मराठी मुलखापासून दूर, सिंधच्या वाळूत. तो भाग आमच्या घरी दोनदा मोठ्याने वाचला गेला.

टिळकांचे शेवटचे पर्व थोडक्यात सांगता येते, कारण ते थोडक्यातच आटोपले. १९१७ साली त्यांनी मिशनची बांधिलकी सोडली, एका अर्थी संन्यासच घेतला, आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तेथे एकत्र बसावेत, ही कल्पना. चर्चला ती पेलणारी नव्हती आणि चर्चबाहेरच्या समाजालाही नव्हती. ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टिळक वारले. दरबार त्यांच्या मागे फारसा वाढला नाही. ते आणखी दहा वर्षे जगते तर वाढला असता, असे त्यांचे भक्त म्हणतात. आम्हांस तसे वाटत नाही. इतक्या मोकळ्या दारांच्या घराला राखण करणारे माणूस लागते, आणि राखण हा टिळकांचा प्रांत नव्हता.

एक काम अर्धे पडले होते. १९०९ साली टिळकांनी ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करायला घेतले होते. नाव ‘ख्रिस्तायन’. स्टीफन्सनंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी पुन्हा तीच ओवी, तोच विषय. दहा-अकरा अध्याय झाले आणि मृत्यू आला. ते हस्तलिखित लक्ष्मीबाईंनी पुढे घेतले. ज्या धर्मापायी आपला संसार मोडला म्हणून एके काळी त्या पंढरपुरात कपाळ बडवीत होत्या, त्या धर्माचे पुराण त्या स्वतः ओवीमागून ओवी रचू लागल्या. मुलगा देवदत्त हाताशी होता. टिळकांच्या अध्यायांपुढे त्यांनी साठांहून अधिक अध्याय जोडले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले. ‘ख्रिस्तायन’ छापून आले १९३८ साली.